झँथन, जेलन की डेक्स्ट्रान? सूक्ष्मजीवांच्या बहुशर्करा निवडताना

सूक्ष्मजीव पेशीबाहेर सोडतात त्या बहुशर्करांपैकी (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांपैकी), म्हणजेच एक्झोपॉलिसॅकराइडांपैकी, एखादी प्रयोगासाठी किंवा उत्पादनासाठी निवडायची झाली की पहिली चौकशी बहुधा घट्टपणाची होते. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात. तयार द्रावण वाहायला हवे की थिजायला हवे, ही पहिली. आणि त्या बहुशर्करेची साखळी पेशीच्या आत जुळते की बाहेर, ही दुसरी. दुसरी गोष्ट केवळ जीवरसायनशास्त्राची वाटते, परंतु कोणती साखर घ्यायची, टाकीत हवा किती खेळवायची आणि शेवटी काय वेगळे काढायचे, हे सारे तिच्यावरच अवलंबून असते.

डेक्स्ट्रान पेशीबाहेर तयार होते. ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स हा जिवाणू डेक्स्ट्रानसुक्रेज नावाचे विकर (एन्झाइम) माध्यमात सोडतो. हे विकर सुक्रोजचा रेणू तोडते, त्यातले ग्लुकोज साखळीला जोडते आणि फ्रुक्टोज मोकळे करते. जोडणीला लागणारी ऊर्जा सुक्रोजमधल्या बंधातूनच मिळते. म्हणूनच याच जिवाणूला सुक्रोजऐवजी ग्लुकोज दिले, तर तो वाढतो, पण डेक्स्ट्रान बनत नाही. याचा दुसरा परिणाम उताऱ्यावर दिसतो: 100 ग्रॅम सुक्रोजपासून हिशेबाने फार तर 47 ग्रॅम डेक्स्ट्रान मिळू शकते, उरलेली साखर फ्रुक्टोजच्या रूपात बाजूला पडते. त्या बदल्यात जोराने हवा खेळवण्याची गरज राहत नाही. शिवाय पेशी गाळून टाकून उरलेल्या विकरावरही काम भागते, तेव्हा तापमान, सामू (pH) आणि सुक्रोजचे प्रमाण बदलून साखळीची लांबी बरीचशी हातात ठेवता येते.

झँथनची गोष्ट अगदी वेगळी आहे. झँथोमोनास कँपेस्ट्रिस हा जिवाणू दोन ग्लुकोज, दोन मॅनोज आणि एक ग्लुक्युरोनिक आम्ल असा पाच शर्करांचा घटक पेशीपटलातल्या एका मेदवाहकावर (शर्करा धरून ठेवणाऱ्या मेदरेणूवर) आधी रचतो, मग असे घटक एकमेकांना जोडून साखळी बाहेर ढकलतो. प्रत्येक शर्करा आधी ऊर्जा खर्चून सक्रिय करावी लागते आणि या जिवाणूला ती ऊर्जा ऑक्सिजनविना मिळत नाही. पंचाईत अशी की झँथन जसजसे साठते तसतसे माध्यम घट्ट होते आणि पेशींपर्यंत ऑक्सिजन पोहोचणे कठीण होत जाते. 28 ते 30 अंश सेल्सिअस तापमान, उदासीनच्या आसपास सामू आणि नायट्रोजनच्या मानाने भरपूर साखर या अटी सांभाळणे फारसे अवघड नाही. खरी कसोटी ढवळण्याच्या यंत्रणेची लागते. नंतर माध्यम तापवून पेशी मारायच्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून झँथनचा साका पाडायचा. यात अल्कोहोल इतके लागते की ते परत मिळवण्याची सोय नसेल, तर उत्पादनाचा विचार न केलेलाच बरा.

मग एवढा खटाटोप का करायचा? कारण वाहत्या पदार्थात झँथनची जागा घेणारी बहुशर्करा सहज सापडत नाही. स्थिर असताना त्याचे पातळसर द्रावणही घट्ट राहते आणि आतले कण तरंगते ठेवते, पण हलवताच किंवा ओतताच ते पातळ होते आणि थांबले की पुन्हा घट्ट होते. आम्ल, मीठ आणि उष्णता यांनी त्यात फारसा फरक पडत नाही. मात्र एकटे झँथन खरे जेल देत नाही. त्यासाठी त्याला लोकस्ट बीन गमसारख्या दुसऱ्या डिंकाची जोड लागते.

थिजवायचेच असेल तर जेलन घ्यावे. स्फिंगोमोनास एलोडिया हा जिवाणू ते बनवतो आणि त्याचे उत्पादनही झँथनसारखेच हवेवर अवलंबून असते. मूळ जेलनच्या साखळीवर ॲसिल गट (सेंद्रिय आम्लांचे छोटे जोड) असतात, त्यामुळे त्याचे जेल मऊ आणि लवचीक होते. गरम अल्कलीने ते गट काढून टाकले की जेल कडक, ठिसूळ आणि काचेसारखे स्वच्छ होते. अगारपेक्षा बऱ्याच कमी मात्रेत ते थिजते आणि उच्च तापमानालाही टिकते, म्हणून वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनात आणि उष्णताप्रिय जिवाणू वाढवताना त्याला पसंती मिळते.

निसर्गात या साखळ्या जिवाणूला कोरडेपणापासून वाचवतात, पृष्ठभागाला चिकटवून ठेवतात आणि बायोफिल्मचा, म्हणजे जिवाणूंच्या चिकट थराचा, सांगाडा उभा करतात. डेक्स्ट्रानसारख्याच, सुक्रोजपासून बनणाऱ्या ग्लुकानांमुळे (ग्लुकोजच्या साखळ्यांमुळे) दातांवरचे कीटण घट्ट बसते. शिळ्या उसाच्या रसात डेक्स्ट्रान झाले, तर गाळण आणि स्फटिकीकरण दोन्ही अडतात. झँथोमोनास कोबीवर्गीय पिकांवर काळ्या कुजीचा रोग आणतो, म्हणून त्याचे जिवंत संवर्धन शेताच्या जवळपासही जाऊ देऊ नये.

पहिल्यांदाच उत्पादनाचा प्रयोग करणाऱ्याला मी डेक्स्ट्रानच सुचवेन, कारण साधन कमी लागते आणि चूक कुठे झाली ते लवकर कळते. घट्टपणा हवा म्हणून मात्र ते घेऊ नये. त्याचे महत्त्व रेणूंच्या ठरावीक आकारात आहे. 40,000 आणि 70,000 रेणुभाराचे डेक्स्ट्रान रक्तद्रवाचे आकारमान वाढवण्यासाठी वापरले जाते ते याचमुळे, आणि तिथेही ॲलर्जीसारखी तीव्र प्रतिक्रिया क्वचित उद्भवू शकते याचे भान ठेवावे लागते. तयार झँथन विकत घेणाऱ्याने भुकटी पाण्यात एकदम टाकू नये, आधी साखरेत किंवा तेलात मिसळून घ्यावी, नाहीतर बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात. कमी ॲसिल असलेले जेलन घेणाऱ्याने पाणी तपासून घ्यावे, कारण जेल बांधणारे कॅल्शियम पाण्यात आधीच जास्त असेल, तर भुकटी नीट विरघळतच नाही. अशा वेळी थोडे सायट्रेट घालून ते कॅल्शियम बांधून ठेवावे, भुकटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवावी आणि थिजवण्यासाठी लागणारे कॅल्शियम नंतर, द्रावण गरम असतानाच, मोजून घालावे.