बर्फ नाही, प्लॅस्टिक आहे. चालेल, पण आधी पातं बघून घ्या

घोडबंदर रोडवरच्या एका गृहसंकुलाच्या मैदानात नाताळच्या सुट्टीपुरती ‘आइस स्केटिंग रिंक’ लागली आहे. फलकावर डोंगर आहेत, पेंग्विन आहेत. पायाखाली मात्र पांढरं प्लॅस्टिक. यात फसवणूक कमी, नाइलाज जास्त. खऱ्या बर्फाच्या रिंकला खाली नळ्यांचं जाळं लागतं, त्यातून शून्याखालच्या तापमानाचं, न गोठणारं ग्लायकोलचं द्रावण फिरवावं लागतं, वर तीन-चार सेंटीमीटर बर्फ आणि तो उणे पाचच्या आसपास राखायला अखंड चालणारं यंत्र. दुपारी तिशी ओलांडणाऱ्या, खाडीची दमट हवा खाणाऱ्या ठाण्यात हे उघड्यावर चालवायचं तर विजेच्या बिलात अख्ख्या बिल्डिंगची सिमल्याची सहल निघेल. सिमल्यात १९२० पासून मोकळ्या मैदानात रात्री पाणी मारून नैसर्गिक बर्फ जमवत आले आहेत, आणि तिथेही आभाळ भरून आलं की बर्फ धरत नाही.

तेव्हा प्लॅस्टिक आहे म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. ते नीट बसवलंय का, ते बघायचं.

पॉलिथिलीनची पॅनेलं एकमेकांत खाचेत अडकवून फरशी होते. हे प्लॅस्टिक उन्हात चांगलंच फुगतं: दहा मीटरच्या पट्ट्यात दहा अंशांचा फरक पडला तर लांबी एक-दोन सेंटीमीटरने वाढते. कडेला तेवढी मोकळी जागा सोडली नसेल तर पॅनेलं सांध्यावर वर उचलली जातात. इथे कुंपणालगतच्या एका ओळीत नेमकं तेच झालंय. बोटाला लागेल एवढी धार वर आलीय, आणि पोरं बरोबर तिथेच कठडा धरून चालतात. मधला भाग सपाट आहे, पण काही ठिकाणी पावलाखाली ढबढब आवाज येतो. म्हणजे खालच्या पेव्हर ब्लॉकची पातळी जुळवलेली नाही. दुपारचं तिकीट घेऊच नका. संध्याकाळी सातनंतर फरशी निवलेली असते, सांधेही जरा बसलेले असतात.

खरी तक्रार स्केट्सची. बर्फावर पात्याखाली पाण्यासारखा निसरडा पातळ थर असतो, म्हणून एका ढकलीत माणूस लांब जातो. प्लॅस्टिकवर तो थर नाही. घर्षण जास्त, पातं तापतं आणि लवकर बोथट होतं. त्यात घोडबंदरची धूळ. ती फरशीवर बसली की पात्याला कानशीच लागते म्हणा. फरशी रोज धुवायला हवी आणि पाती वरचेवर धारेला लावायला हवीत. इथल्या बऱ्याच जोड्यांना धार नव्हती. तपासायचं सोपं आहे: अंगठ्याचं नख पात्याच्या कडेवर आडवं, हलकेच ओढा. नखाचा बारीक कीस निघाला तर धार आहे, नख नुसतं घसरलं तर जोडी परत करा. दोन्ही कडा बघा, एकच नाही. काउंटरवरचा दादा कुरकुरतो, पण बदलून देतो.

माप नेहमीच्या बुटापेक्षा अर्धा नंबर कमी चालतं, मोठं मुळीच नको. जाड लोकरी मोजे घालून बूट ‘फिट’ करायची युक्ती इथे उलटते; टाच आत हलते आणि घोटा बाहेर कलतो. पातळ, पिंढरीपर्यंतचे मोजे घाला. नाडी बोटांकडे सैल, पावलाच्या वळणावर आणि घोट्याशी करकचून, सगळ्यात वरच्या हुकांवर पुन्हा जरा ढिली, म्हणजे गुडघा पुढे वाकतो. गुडघा वाकला नाही की माणूस मागे पडतो, आणि मागे पडणं वाईट. फिगर स्केटच्या पुढच्या दात्यांवर जोर देऊन ढकलायला गेलात तर तोंडावर याल. टाचा जवळ, चवडे बाहेर असं बदकासारखं चाला आणि पात्याच्या आतल्या कडेने ढकला. पूर्ण बाह्या आणि हातमोजे हवेतच, कारण प्लॅस्टिकवर घासलं की कातडी भाजल्यासारखी सोलते. कपड्यांना चिकटणारा पांढरा भुगा झटकून जात नाही, ओल्या फडक्याने पुसावा लागतो.

तिकीट अर्ध्या तासाचं ४०० रुपये. घड्याळ पैसे भरल्याक्षणी सुरू होतं आणि लहान मुलाच्या नाड्या बांधायलाच आठ-दहा मिनिटं जातात. हे काही बरोबर नाही.

खाण्याचे स्टॉल मात्र रंगतदार. कॅनडातल्या ओटावात हिवाळ्यात गोठलेल्या रिडो कालव्यावर ७.८ किलोमीटरची स्केटिंगची वाट होते, आणि तिथे बीव्हर नावाच्या प्राण्याच्या शेपटीसारखी चपटी ताणून तळलेली, साखर-दालचिनी भुरभुरलेली पोळी खातात. तिची नक्कल इथे आहे, पण तेल पुरेसं तापायच्या आत कणीक सोडतात. बोटं तुपकट होतात आणि पोळी आतून कच्ची. हॉट चॉकलेट म्हणजे तयार पावडर आणि उकळतं पाणी, तळाशी गुठळ्या. कोको आधी दोन चमचे कोमट दुधात घोटून मग बाकीचं दूध घातलं तर गुठळी होत नाही, पण तेवढा धीर कुणाला?

मसाला दूध घ्या. कढई रुंद आहे, त्यामुळे दूध लवकर आटतं. लिटरचं पाऊण लिटर होईपर्यंत ढवळत ठेवतात, साय कडेची खरवडून आत सोडतात, चारोळी भरपूर. जायफळ उकळत्या दुधात न घालता पेल्यात ओतताना वरून किसतात, म्हणून वास राहतो आणि कडवटपणा येत नाही. ठाण्याच्या वीस अंशांत एवढी ऊब पुरते. साडेनऊनंतर कढईचा तळ लागलेला असतो, तेव्हा आधी दूध सांगून ठेवा, मग स्केट्स काढायला बसा.