वखारीत रुळावर फिरणारा कॅमेरा: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यावर

निपाणीतली तंबाखूची वखार, छताखाली ३६ मीटरचा रूळ, त्यावर फिरणारा ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा. बोदांच्या (तंबाखूच्या मोठ्या पोत्यांच्या) थप्प्या उंच लागल्या की भिंतीवरच्या कॅमेऱ्याला मधल्या बोळातलं काही दिसत नाही. ते काम हा चोख करतो. दाराची राखण मात्र याच्यावर सोडू नका. सेकंदाला ०.४ मीटर वेगाने जाऊन-येऊन ३ मिनिटं लागतात. सहा बोळांपाशी १५-१५ सेकंद थांबवला तर साडेचार. तेवढ्यात दोन बोद आरामात बाहेर जातात. दारांवर स्थिर कॅमेरे हवेतच.

रूळ म्हणजे ॲल्युमिनिअमचे ३ मीटरचे १२ तुकडे, दर दीड मीटरला छताच्या कैचीवरून हँगर. लेव्हल पाण्याच्या नळीने काढली तरी चालते. फॅब्रिकेटर सगळे बोल्ट गच्च आवळून मोकळा होतो, आणि मेमध्ये रूळ फुगून वाकडा होतो. पत्र्याखाली थंडीची पहाट आणि उन्हाळ्याची दुपार यांत ३५ अंशांचा फरक धरला तर ३६ मीटर ॲल्युमिनिअम जवळजवळ २९ मिमी वाढतं, म्हणजे तुकड्यामागे अडीच मिमीच्या आसपास. म्हणून प्रत्येक तुकड्याचा एकच हँगर पक्का, दुसऱ्याला लांबट भोक. थंडीत जोडताना सांध्यात ३ मिमी फट ठेवा, ऐन उन्हात जोडताना नावापुरती. सांधा तिरका कापला तर चाक आदळत नाही आणि चित्र हलत नाही. ट्रॉलीला (कॅमेरा वाहून नेणाऱ्या चाकांच्या गाड्याला) ३ मिमीची स्टीलची सुरक्षा-वायर बांधल्याशिवाय खाली माणूस उभा करू नका.

वीज पोचवायला क्रेनसारखा उघडा बसबार (वीज वाहणारी उघडी धातूची पट्टी) स्वस्त पडतो, पण तंबाखूच्या धुळीत ठिणगी नको. ड्रॅग चेनच घ्या, म्हणजे केबल आत घेऊन ट्रॉलीबरोबर वळत जाणारी कड्यांची साखळी. केबल रुळाच्या मध्यावर बांधली की चेन १८ मीटर अधिक वळणापुरती लागते. खाली पत्र्याची ट्रे द्या, नाहीतर चेन लोंबते. आत नेहमीची भिंतीतली कॅट-६ नेटवर्क केबल घातली की काही महिन्यांत तार तुटते, कारण तिच्यात एकेरी जाड तांबं असतं. बारीक तारांची, सतत वाकणारी केबल मागून घ्या. तुटल्याची खूण सोपी आहे: कॅमेरा ठरावीक जागीच बंद होऊन पुन्हा चालू होतो. संगणकावरून कॅमेऱ्याला पिंग (जोडणी तपासणारा सततचा संदेश) चालू ठेवून ट्रॉली हाताने सरकवा, जागा लगेच सापडते.

पावसाळ्यात खरा त्रास चाकांचा. दमट हवेत धूळ चिकट होते, चाक घसरतं, एन्कोडर (चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजणारा भाग) मात्र मोजत राहतो. थांब्याच्या जागी रुळावर रंगाची रेघ मारून बघा. दिवसभरात चार बोटं फरक पडला तर बोळाऐवजी थप्पीच दिसणार. चाकापुढे ब्रश लावा आणि दर फेरीला रुळाच्या टोकाच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरवर (धातू जवळ आला की सिग्नल देणाऱ्या) एन्कोडरला मोजणी शून्यापासून धरायला लावा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत बसवणार असाल तर हा सेन्सर वरचेवर पुसावा लागेल, लोखंडाचा बुरा चिकटला की तो उगाच सिग्नल देतो.

वीज गेल्यावर ट्रॉली मध्येच अडकते. यूपीएसवर कॅमेरा, पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा) आणि मोटर तिन्ही ठेवा, आणि वीज परतली की ०.१ मीटर वेगानेच शून्याकडे जाईल असं सेटिंग करा. दोन्ही टोकांना लिमिट स्विच (ट्रॉली टेकली की मोटर थांबवणारा) आणि रबरी स्टॉपर, दोन्ही हवेत.

रात्री शटर १/२५ सेकंदावर गेला तर ०.४ मीटर वेगात चित्र १६ मिमी पुसलं जातं, चेहरा ओळखू येत नाही. १/१०० वर बांधून टाका आणि उजेड वाढवा. कॅमेऱ्यातलं आयआर (अंधारात दिसण्यासाठीचा इन्फ्रारेड उजेड) हवेतल्या धुळीवर परतून पांढरे ठिपके देतं, म्हणून आयआर दिवे भिंतीवर वेगळे लावा. हालचालीची सूचना फक्त थांब्यांवर चालू ठेवा. ट्रॉली चालताना सगळं चित्रच हलतं, रात्रभर फोन वाजत राहतो. फिरत्या चित्राला डेटाही जास्त लागतो: ८ एमबीपीएस धरले तर रोज ८६ जीबी, २ टीबीची डिस्क २३ दिवसांत भरते.