कपिंगचे काळे डाग आणि "बाहेर पडलेलं विष"

मासेमारी बंद असते त्या दिवसांत आमच्या मालवणकडच्या वाडीत कपिंगचं, म्हणजे पाठीवर कप लावून कातडी ओढायच्या उपचाराचं "मोफत शिबिर" लागलं. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून ओढून खांदे-कंबर आखडलेली माणसं तेव्हा घरीच असतात, हे बरोबर हेरून शिबिरवाले आले होते. मोफत फक्त तपासणी. पुढे सिटिंगचं पॅकेज, पैसे आगाऊ, पावती नाही. बाबांचे आठ हजार गेले.

त्यांची युक्ती नीट सांगते. प्लास्टिकचा कप पाठीवर ठेवून हातपंपाने आतली हवा ओढतात. कातडी कपात वर उचलली जाते, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि जांभळा गोल डाग उठतो. मुका मार लागल्यावर उठतो तसाच. साधारण आठ-दहा दिवसांत जातो. पण बाबांना सांगितलं, "जितका काळा डाग, तितकं आत विष." पहिल्या वेळी पंप जोरात ओढून कप बराच वेळ ठेवला. पुढे पुढे ओढ कमी, कपही लवकर काढायचे. डाग अर्थातच फिका. "बघा काका, विष उतरलं!" हे मी शेजारी उभी राहून पाहिलंय. बाबा म्हणायचे, "बरा वाटता गो, हात हलको झालो." तात्पुरतं सैल वाटतही असेल, पण दुसऱ्या दिवशी सदऱ्यात हात घालताना तसेच कळवळायचे.

मग जादा पैसे घेऊन ब्लेडने चिरे दिले आणि कपातला थलथलीत गोळा दाखवला: "हे सडलेलं रक्त." अहो, बाहेर आलेलं कुणाचंही रक्त काही मिनिटांत असंच गोठतं! बाबांना साखर आहे, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. चिरे पिकले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखमेवर औषध दिलं आणि हात वर-मागे नेऊन पाहिला. फ्रोजन शोल्डर निघाला. साखरेच्या पेशंटना तो जास्त होतो. सांध्याभोवतीचं आवरण आखडतं, ते पाठीवरच्या कपाने कसं सुटणार? भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम दिलाय, तो चालू आहे.

त्यांच्या पत्रकावर "मधुमेह मुळापासून बरा" असंही छापलं होतं. अशा जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पत्रक जोडून मी तक्रार दिली आहे. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आता ते देवगडकडे गेलेत म्हणे. तुमच्याकडे आले तर आधी उपचार करणाऱ्याचा रजिस्ट्रेशन नंबर आणि पावती मागा. घरात कुणाला साखर असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर ब्लेड लावूच देऊ नका.