ट्रायथलॉनच्या सरावात पाच महिने खाल्लेला डबा

गोव्याच्या समुद्रात 1.9 किलोमीटर पोहणे, मग 90 किलोमीटर सायकल आणि शेवटी 21.1 किलोमीटर धावणे, अशा अर्ध्या अंतराच्या ट्रायथलॉनची तयारी मी सहा महिन्यांपासून छत्रपती संभाजीनगरात करीत आहे. यांपैकी पाच महिने माझे दुपारचे व रात्रीचे जेवण सिडकोतील एका घरगुती डब्यातून येत आहे. दारावर पाटी नसलेल्या या सेवेला गल्लीत सगळे ‘काकूंचा डबा’ एवढ्याच नावाने ओळखतात. दोन्ही वेळचे मिळून महिन्याला 5,400 रुपये पडतात. नोकरी आणि सराव सांभाळताना स्वयंपाकाला वेळ न उरणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडावे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पहिला महिना मी दुसऱ्याच एका सेवेकडे होते. तिच्या डब्यावर कॅलरी छापलेल्या असत आणि आत उकडलेल्या भाज्या, पनीरचे मोजके तुकडे व मूठभर ब्राऊन राइस असे. वजन उतरवू पाहणाऱ्याला ते जेवण पुरेसे असेलही. परंतु रोज दीड ते दोन तास घाम गाळणाऱ्या शरीराला ते फार अपुरे होते, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळले. पोहताना हात जड पडू लागले, दमूनही रात्री झोप लागेना आणि पाळी लांबली. डॉक्टरांनी सर्वप्रथम मी दिवसभरात काय खाते हेच विचारले. व्यायामात जाणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणे कमी पडले की शरीर पाळी, हाडांची झीज भरून काढणे आणि प्रतिकारशक्ती यांवरचा खर्च कमी करू लागते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन तिची लक्षणे मांडली. ती स्त्रियांप्रमाणे पुरुष खेळाडूंमध्येही आढळते, म्हणून पाळीचा उल्लेख वाचून पुरुष वाचकांनी हा परिच्छेद सोडून देऊ नये अशी माझी विनंती आहे.

त्यानंतर मी हिशेब मांडला. दिवसाला एक ते तीन तास सराव करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे 6 ते 10 ग्रॅम कर्बोदके आणि 1.2 ते 2 ग्रॅम प्रथिने लागतात असे क्रीडा-आहारशास्त्र सांगते. माझे वजन 56 किलो असल्याने कर्बोदकांची किमान गरजच 336 ग्रॅम होते आणि प्रथिनांसाठी मी 90 ग्रॅमचे लक्ष्य ठेवले आहे. काकूंच्या दुपारच्या डब्यात दोन ज्वारीच्या भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, एक पालेभाजी, वरण-भात, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा असतो. भाकरीला साधारण 50 ग्रॅम पीठ लागते, असे त्यांनी स्वतः तोलून दाखवले. त्यावरून या एका जेवणात सुमारे 150 ग्रॅम कर्बोदके आणि 30 ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, असा माझा अंदाज आहे. रात्रीचा डबा थोडा हलका असतो. उरलेली गरज सकाळचे पोहे किंवा सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला पदार्थ), दूध, अंडी आणि केळी यांतून मी घरीच भागवते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा प्रथिनांचा एक आवश्यक घटक कमी असतो आणि डाळी-कडधान्यांत तो भरपूर असतो. त्यामुळे भाकरीबरोबर उसळ किंवा वरण असले की एकाची उणीव दुसरे भरून काढते.

या डब्याचे मला सर्वांत मोल वाटते ते शनिवारच्या रात्रीमुळे. रविवारी पहाटे आम्ही दौलताबादमार्गे घाट चढून खुलताबाद आणि पुढे वेरूळपर्यंत सायकलने जाऊन परत येतो. आदल्या रात्री दोन-तीन भाकरी व पालेभाजी खाल्ली की घाटातच पोटात गोळा येऊ लागे. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 10 ग्रॅम तंतू (फायबर) असतात. एरवी ते पोटाला हितकारक असले, तरी लांबच्या सरावाच्या आदल्या रात्री जड पडतात. मी भीत भीत काकूंना विचारले, तर त्या म्हणाल्या, “आधी सांगायचं ना ताई, मुगाची मऊ खिचडी करून देते की.” तेव्हापासून दर शनिवारी तिखट कमी घातलेली खिचडी, तूप, दही आणि एखादा उकडलेला बटाटा येतो. डब्यावर कॅलरी छापणाऱ्या त्या सेवेकडे मी हीच विनंती केली होती, तेव्हा ठरलेल्या यादीबाहेर काही मिळणार नाही असे उत्तर आले होते.

सायकलवर खाण्यासाठी काकू शेंगदाणा-गुळाचे लाडू देऊ करतात. ते चवीला उत्तम आहेत, पण शेंगदाण्यातील स्निग्धांशामुळे पोट रिकामे व्हायला वेळ लागतो, म्हणून मी ते परत आल्यावरच खाते. वाटेत ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकांसाठी केळी, खजूर आणि 750 मिलिलिटरच्या बाटलीत 45 ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ व लिंबू घातलेले पाणी मला पुरते. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सारख्या प्रमाणात असतात व आतड्यात दोन्ही वेगळ्या वाटांनी शोषली जातात, त्यामुळे एकाच वाटेवर सगळा भार पडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चाळिशीपार जाते आणि कपड्यांवर मिठाचे पांढरे चट्टे उठतात, तेव्हा बाटलीत मीठ घालण्याला पर्याय नाही.

लोहाबाबत मात्र मला स्वतःलाच सवय बदलावी लागली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीने रोज 29 मिलिग्रॅम लोह घ्यावे, पुरुषाने 19; शिवाय धावताना पाय आपटून तांबड्या पेशी फुटतात, ती झीज वेगळीच. काकूंच्या डब्यात आठवड्यातून तीनदा तांदुळजा, चुका किंवा ज्वारीच्या कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी असते, आणि सोबत लिंबाची फोड मागितली तर न विसरता येते. वनस्पतिजन्य लोह शोषले जायला क जीवनसत्त्वाची मदत होते, तर चहातील टॅनिन आड येते. म्हणून जेवल्याबरोबरचा चहा मी तासभर पुढे ढकलला. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण 2018 मध्ये प्रसारित केले आहे. काकूंची ज्वारी जालन्याकडच्या त्यांच्या गावाहून येते. पुढच्या हंगामात हे वाण पेरून पाहावे असे मी त्यांच्या दिरांना सुचवले आहे.

आता उणिवा. येसर आमटीवर आणि वांग्याच्या भाजीवर तेलाचा तवंग जास्त असतो. दोनदा सांगून थोडा फरक पडला, पण तो टिकला नाही. तिखटही मराठवाड्याच्या हाताचे आहे. संध्याकाळी धावायचे असेल तर दुपारी मी उसळीचा रस्सा बाजूला ठेवते. दुपारचा डबा साडेबाराला यायला हवा, तो पाच महिन्यांत बरेचदा दीडनंतर आला. पहाटे पोहून आणि मग कामावर जाऊन आलेल्या माणसाला तो एक तास फार लांब जातो. म्हणून आता दप्तरात मूठभर फुटाणे आणि गूळ ठेवते. सर्वांत मोठी अडचण म्हणजे रविवारची सुट्टी. वेरूळहून परतल्यावर तासाभरात भात-वरण किंवा तत्सम काही आणि 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळाली तर सोमवारचे पोहणे जड जात नाही, आणि नेमक्या त्याच दुपारी डबा नसतो. गेल्या महिन्यापासून काकू शनिवारी खिचडीबरोबर चार दशम्या व चटणी जास्त देतात, त्याचे 60 रुपये वेगळे घेतात. दुधात भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मऊ राहते. घरी लावलेले दही आणि दोन उकडलेली अंडी यांच्याबरोबर ती मी दारात सायकल टेकवून, आंघोळीच्याही आधी खाते.