रेडिएटरवर कोणता फॅन बसवावा: आर्क्टिक पी१२, नॉक्टुआ ए१२ की फँटेक्स टी३०?

लिक्विड कूलर (प्रोसेसरची उष्णता पंपाने फिरवलेल्या पाण्यातून रेडिएटर नावाच्या जाळीत नेऊन फॅनने बाहेर टाकणारा) बसवूनही पीसी घोंगावतोच, तेव्हा संशय फॅनवर जातो आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. तरी पैसे मोजण्याआधी एक मिनिट द्या. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) रेडिएटरचे फॅन किमान वेगावर आणा, पंपाला हात लावू नका. आवाज गेला तर दोष फॅनचा. बारीक किणकिण किंवा पाणी खळखळल्यासारखं ऐकू येत राहिलं तर पंप किंवा त्यात अडकलेली हवा बघा. रेडिएटर पुढच्या बाजूला उभा असेल तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं, नाहीतर हवा पंपात साठते. तिथे नवे फॅन घेऊन काही साधत नाही.

दोष फॅनचाच निघाला, तर ब्रँडच्या आधी छताकडे बघा. कोल्हापुरात मार्च ते मे छताचा पंखा फिरतच असतो आणि त्याच्या आवाजात हजार आरपीएमवर (मिनिटाला हजार फेरे) चालणारा कुठलाही बरा फॅन बुडून जातो. फरक कळतो डिसेंबरच्या रात्री, पंखा बंद, गल्लीतली रहदारी थांबलेली, तेव्हा. तुमचं काम अशा शांततेत चालतं का, यावर निवड ठरते.

आर्क्टिक पी१२ (पीडब्ल्यूएम, म्हणजे मदरबोर्डवरून वेग कमीजास्त करता येणारा) हा पैसा वसूल फॅन. २०० ते १८०० आरपीएम आणि २.२० मिमी पाण्याइतका स्थिर दाब. रेडिएटरच्या दाट पात्यांतून हवा ढकलायला हाच दाब लागतो. एका नॉक्टुआच्या पैशांत याचे साधारण तीन येतात. खोट एकच: १००० आरपीएमच्या आसपास तो गुणगुणतो. आवाज मोठा नसतो, पण एकाच सुराचा असल्यामुळे कानाला टोचतो. उपाय फुकट आहे. फॅन कर्व्ह (कुठल्या तापमानाला किती वेग, हा बायोसमधला आलेख) असा आखा की वेग ८५० वरून थेट ११५० वर जाईल आणि मधल्या पट्ट्यात रेंगाळणार नाही.

नॉक्टुआ एनएफ-ए१२एक्स२५ ४५० ते २००० आरपीएम फिरतो, दाब २.३४ मिमी. पात्याचं टोक आणि चौकट यांत फक्त अर्धा मिलिमीटर अंतर आहे, त्यामुळे हवा कडेने मागे पळत नाही. आकडे पाहून आर्क्टिकपेक्षा फार वेगळा वाटणार नाही. कानाला मात्र वाटतो, कारण याचा आवाज नुसता हवेचा असतो. व्हॉइसओव्हर, पॉडकास्ट किंवा एडिटिंग करणाऱ्यांनी हाच घ्यावा. बिस्किटी-चॉकलेटी रंग नको असेल तर काळाही मिळतो.

फँटेक्स टी३० ची जाडी २५ ऐवजी ३० मिमी. तेवढ्याच आवाजात जास्त हवा देतो, पण जागा मागतो: २७ मिमीचा रेडिएटर धरून ५७ मिमी, ३८ मिमीचा असेल तर ६८. वरच्या बाजूला बसवणार असाल तर रॅमची उंची आधी पट्टीने मोजा. वेगाचे तीन टप्पे (१२००, २०००, ३०००) निवडायचं बटण फॅनवरच आहे. ते बसवण्याआधीच २००० वर ठेवा, नंतर हात पोहोचत नाही. रात्रंदिवस रेंडरिंग चालत नसेल तर एवढा खर्च मला पटत नाही.

कूलरच अजून घ्यायचा असेल तर हा हिशेब बघा. २४० मिमीच्या रेडिएटरवर १२०० आरपीएमने फिरणारे दोन फॅन आणि ३६० मिमीच्यावर ८०० ने फिरणारे तीन, दोन्हीकडे हवा जवळपास सारखीच. पण वेग दीडपटीने उतरला की आवाज साधारण नऊ डेसिबलने कमी होतो. तिसऱ्या फॅनचे दोन वजा केले तरी सात उरतात. एवढा फरक ब्रँड बदलून मिळत नाही.

खरी गोची कर्व्हची होते. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना आखलेला कर्व्ह एप्रिलमध्ये खोली ३४ वर गेली की नुसता डेस्कटॉप उघडला तरी फॅन पळवतो, कारण पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. म्हणून बायोसमध्ये दोन प्रोफाइल ठेवा, उन्हाळ्याचं दहा अंश पुढे सरकवलेलं. कूलरमध्ये पाण्याच्या तापमानाचा सेन्सर असेल तर कर्व्ह त्यालाच जोडा. प्रोसेसरचं तापमान क्षणात वीस अंश उडी मारतं आणि फॅनही त्याच्यामागे धावतो. सेन्सर नसेल तर तापमान बदलल्यावर फॅनने वेग बदलायला घ्यायचा वेळ बायोस देईल तेवढा वाढवा.

तीन फॅन एकाच वेगाने फिरताना ‘घूं... घूं’ असा चढ-उताराचा आवाज आला तर फॅन बिघडलेले नाहीत, दोघांचे वेग जेमतेम पाच-दहा आरपीएमने वेगळे आहेत. एक फॅन मदरबोर्डवरच्या वेगळ्या हेडरवर (फॅनची वायर जोडायच्या जागेवर) टाकून त्याचा वेग पन्नासेकने कमी करा.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या, म्हणजे कारखान्यांच्या बाजूला राहत असाल तर फॅन आणि रेडिएटर यांच्यामध्ये धुळीचा थर लवकर धरतो आणि पावसाळ्यात दमट हवेने तो नमद्यासारखा घट्ट होतो. त्यातून हवा जात नाही, मग तोच फॅन दोनशे आरपीएम जास्त मागतो. जूनच्या आधी फॅन सोडवून रेडिएटर ब्रशने साफ करा.

परत लावताना स्क्रूची लांबी जपा. २५ मिमीच्या फॅनला साधारण ३० मिमीचा, टी३० ला ३५ चा. लांब स्क्रू कमी जाडीच्या फॅनला लावून आवळला तर टोक थेट रेडिएटरच्या नळीत घुसतं, आणि ती गळती दुरुस्त होत नाही.