आयसोट्रेटिनॉइनसाठीचं रक्ततपासणीचं पॅकेज: यादी लांबलचक, पण कामाचं थोडंच

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल सुरू झाल्या की लॅबचं तयार पॅकेज पुढे येतं: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), पूर्ण एलएफटी (यकृताच्या तपासण्या), लिपिड प्रोफाइल, किडनी, साखर, वर व्हिटॅमिन्स, आणि तेही दर महिन्याला. घरी येऊन सॅम्पल नेणं, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट, ही सोय खरोखर चांगली. पॅकेजची रचना मात्र आम्हाला पटत नाही.

या औषधात नजर ठेवायची ती मुख्यतः ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आणि एसजीपीटी (यकृताची स्थिती सांगणारं एन्झाइम) यांवर. बाकी तब्येत ठणठणीत असेल तर सीबीसी वारंवार करायची गरज नाही; अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. दरमहा तीसेक आकडे काढले की एखादा रेषेबाहेर जातोच, आणि कारण नसताना पेशंट घाबरून गोळी सोडतो.

वेळ नीट पाळणं जास्त महत्त्वाचं. पहिली तपासणी औषध सुरू करण्याआधी, कारण तुलनेला मूळ आकडा हवा. दुसरी पूर्ण डोसवर पोचल्यावर, साधारण दुसऱ्या महिन्याच्या सुमारास. दोन्ही ठीक आल्या आणि डोस तोच राहिला तर पुढच्या बहुतेक तपासण्या टाळता येतात. लठ्ठपणा, मधुमेह, फॅटी लिव्हर, दारू किंवा घरात कोलेस्टेरॉलचा इतिहास असेल तर डॉक्टर जास्त वेळा करायला सांगतील, आणि ते योग्यच.

रिपोर्ट चुकतो तो बहुधा सॅम्पल देण्याआधीच. ही कॅप्सूल स्निग्ध जेवणासोबत घ्यायची असते. रात्री उशिरा तसं जेवून सकाळी सातला रक्त दिलं तर ट्रायग्लिसराइड्स फुगलेले दिसणारच. १० ते १२ तास उपाशी राहा, पाणी चालेल, आणि आधीचे दोन दिवस दारू नको. जिमचं तर अजून कुणी विचारतच नाही. जड व्यायामानंतर स्नायूंतून एसजीओटी (एसजीपीटीसारखंच एक एन्झाइम) आणि थोडं एसजीपीटीही रक्तात येतं आणि यकृत बिघडल्यासारखं वाटतं. आठवडाभर जड वजनं थांबवून पुन्हा तपासा; सोबत सीपीके (स्नायूंच्या एन्झाइमची तपासणी) केली की गोंधळ मिटतो. सॅम्पल घ्यायला येणाऱ्याने ‘उपाशी आहात का?’ एवढं विचारून भागत नाही.

एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिपटीपुढे किंवा ट्रायग्लिसराइड्स ५०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपुढे गेले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १००० च्या आसपास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका खरा असतो. पोटाच्या वरच्या भागात पाठीकडे जाणारी तीव्र कळ आणि उलट्या असतील तर रिपोर्टची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.

आमची सर्वांत मोठी तक्रार वेगळी आहे. गर्भधारणेची शक्यता असलेल्या पेशंटच्या पॅकेजमध्ये थायरॉइड असेल आणि एचसीजी (गर्भधारणेची तपासणी) नसेल, तर ते पॅकेज घेऊच नये. या औषधाने गर्भात गंभीर जन्मजात व्यंगं होतात. एचसीजी औषध सुरू करण्यापूर्वी हवी, उपचार चालू असताना दरमहा हवी आणि शेवटच्या कॅप्सूलनंतर एक महिन्याने पुन्हा हवी. गर्भनिरोधन औषध सुरू होण्याच्या एक महिना आधीपासून ते औषध थांबल्यावर एक महिन्यापर्यंत सलग. यात एक फसवी गोष्ट आहे: केसांसाठी घेतलेल्या जास्त डोसच्या बायोटिनमुळे काही यंत्रांवर एचसीजी खोटी कमी दिसू शकते. बायोटिन चालू असेल तर लॅबला आणि डॉक्टरांना आधी सांगा.

मुरुमांच्या इतर गोळ्यांसाठी हे पॅकेज घेऊ नका. डॉक्सिसायक्लिनच्या नेहमीच्या कोर्सला रक्त तपासावं लागत नाही. स्पायरोनोलॅक्टोनवर निरोगी तरुणींना पोटॅशियमही सहसा लागत नाही. किडनीचा त्रास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या असतील तर लागतं.

एकूण, घरपोच सॅम्पलची सेवा घ्या, पॅकेज नको. चिठ्ठीवर सुटं लिहून घ्या: उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड्स, एसजीपीटी, आणि लागू असेल तर एचसीजी. दर वेळी लॅब तीच ठेवा, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतील.