रेडिमेड ब्रँड किट: फाइली चोख, ओळख अर्धी

ऑनलाइन मिळणाऱ्या ब्रँड किटमध्ये बहुतेक ठिकाणी तेच असतं: लोगो, चार-पाच रंग, दोन फॉन्ट, व्हिजिटिंग कार्ड आणि पोस्टचे साचे. व्यवसायाचं नाव आणि प्रकार भरला की काही मिनिटांत सगळं हातात. त्यातल्या फाइली खरंच कामाच्या असतात. लोगो एसव्हीजी किंवा व्हेक्टर पीडीएफमध्ये, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी साठवलेल्या फाइलीत मिळाला, तर पेनापासून पाटीपर्यंत कितीही लहान-मोठा केला तरी कडा स्वच्छ राहतात. नुसता पीएनजी, म्हणजे ठिपक्यांचं चित्र देणारं किट मात्र घेऊच नका. पाटी करणारा तो ट्रेस करतो, म्हणजे त्यावरून रेषा नव्याने काढतो, गाडीवर स्टिकर लावणारा पुन्हा ट्रेस करतो, आणि दर वेळी अक्षरांची वळणं थोडी थोडी बदलत जातात.

खरी अडचण चिन्हात आहे. ही चिन्हं सामायिक संग्रहातून येतात आणि त्यांचा परवाना बहुधा तुमच्या एकट्याचा नसतो. तेच पान, तोच दिवा उद्या तुमचा स्पर्धकही वापरू शकतो, आणि अशा चिन्हावर ट्रेडमार्कचा हक्क सांगणं अवघड जातं. म्हणून पैसे भरण्याआधी परवान्यातली ही अट वाचा. नुसतं चिन्ह कापून इमेज सर्चमध्ये टाका. नाव ट्रेडमार्कच्या नोंदीत तपासा, तेही तुमच्या वर्गात: नीस वर्गीकरणात, म्हणजे ट्रेडमार्कसाठीच्या आंतरराष्ट्रीय यादीत, 1 ते 34 हे वर्ग वस्तूंचे आणि 35 ते 45 सेवांचे आहेत.

रंगांची निवड पडद्यावर सुंदर दिसते, छपाईत फसते. झगझगीत निळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत गेला की जांभळट उतरतो, कारण त्यात सायनच्या (आकाशी शाईच्या) जोडीला मॅजेंटाही (गडद गुलाबी शाईही) भरपूर पडतो. मॅजेंटा सायनपेक्षा निदान 30 टक्क्यांनी कमी ठेवला की निळा निळाच राहतो. किटने फक्त हेक्स कोड, म्हणजे पडद्यावरच्या रंगांचे कोड दिले असतील तर सीएमवायके आकडे मागून घ्या आणि ज्या कागदावर छापणार, त्याच कागदावर नमुना काढा. फॉन्टचंही तसंच. नाव देवनागरीत लिहायचं असेल तर बरीच किटं तोकडी पडतात. रोमनसाठी ठरवलेल्या ओळींच्या अंतरात वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीला भिडतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेषा तुटते.

सगळ्यात जास्त खटकतात ती वीस-वीस पर्यायी रूपं. लोकांच्या डोक्यात काही बसायचं तर ते वर्षानुवर्षं तसंच दिसावं लागतं. कोका-कोलाची 1915 ची बाटली बनवताना अट अशी होती की अंधारात हाताला लागली किंवा फुटून जमिनीवर पडली, तरी ती ओळखू यावी. उलट 2009 मध्ये ट्रॉपिकाना या फळांच्या रसाच्या ब्रँडने खोक्यावरचं स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं काढलं, गिऱ्हाइकांना आपला रस सापडेना, आणि दोन महिन्यांच्या आत जुनं खोकं परत आणावं लागलं.

म्हणून किटमधून एक रंग, एक आकार आणि एक अक्षरवळण उचला, बाकीचं बाजूला ठेवा. मग ही चाचणी घ्या. नाव झाकून तुमचं पाकीट किंवा पोस्ट चार स्पर्धकांच्या शेजारी मांडा आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला तुमचं कुठलं ते विचारा. तो अडखळला तर रंग आणि आकार त्या धंद्यात सगळेच वापरतात तसे आहेत, ते बदला, पण पाटी चढण्याआधी. नंतर लोगो 16 पिक्सेलवर, ब्राउझरच्या टॅबइतका करून पाहा. बारीक रेघा तिथे गायब होतात.

महागड्या पॅकेजमध्ये कॉफीच्या मगवरची आणि टी-शर्टवरची दिखाऊ चित्रं असतात, त्यांना पैसे घालू नका. त्याऐवजी लोगोची एकरंगी, छटा नसलेली फाइल मिळते का ते विचारा. रबरी शिक्क्याला आणि कोरीवकामाला तीच लागते, आणि स्वस्त किटमध्ये बरेचदा नेमकी तीच नसते.